काळा दगड: उल्का की बेसाल्ट?

चुंबक ओढला गेला म्हणून लगेच उल्का ठरवू नका. दख्खनच्या बेसाल्ट या काळ्या खडकातही मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडेही किंचित झुकतो. त्याहून उपयोगी कसोटी घनतेची. डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका, नाहीतर दगडाचं वजनच मोजलं जाईल. दगडाच्या कोरड्या वजनाला दिसलेल्या आकड्याने भागा: २९० ग्रॅमला १०० आले तर २.९, बहुधा बेसाल्टच. ५ च्या आसपास आलं तर टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. लालसर रेघ हेमटाइट या लोहखनिजाची, काळी मॅग्नेटाइटची. बुडबुड्यांची भोकं दिसली तर बेसाल्ट किंवा लोखंडाची मळी (भट्टीतला टाकाऊ भाग) समजा, उल्केत ती जवळपास नसतातच.