दुसऱ्या नंबरची गाणी

शनिवार, रात्री उशिरा

पावसाने बाहेर पडायची सोय ठेवलेली नाही, त्यामुळे सध्या रिकामपणाचा एकच उद्योग चालू आहे. ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंड-अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक याद्या काढायच्या आणि त्यातली गाणी कानाला हेडफोन लावून ऐकायची. सुरुवात अर्थातच पहिल्या नंबरांपासून केली आणि लवकरच कंटाळलो. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' आजही लावलं की मान आपोआप हलायला लागते, त्यावर वेगळं काय लिहायचं? पण त्याच रांगेत अशीही गाणी आहेत की लोकांनी खिशातले पैसे मोजून ही तबकडी घरी नेली यावर विश्वास बसत नाही. मग सहज एक ओळ खाली पाहायला लागलो. आता तिथेच मुक्काम आहे.

आजचं गाणं अल्ट्रावॉक्स या इंग्लिश बँडचं 'व्हिएन्ना'. १९८१. सुरुवातीला ड्रम मशीनचे जवळजवळ एकाकी ठोके, मागे सिंथेसायझरचं धुकं, मग पियानो. मिज युअर गातो तेव्हाही गाणं घाई करत नाही. मध्येच बिली करीचा व्हायोला येतो, गाण्याला अचानक वेग येतो, आणि सगळं पुन्हा संथ होऊन त्याच जुन्या चालीवर परततं. हे इंग्लंडमध्ये चार आठवडे दुसऱ्या नंबरवर थांबलं होतं. पहिल्या आठवड्यात वर जॉन लेननचं 'वुमन' होतं. लेननची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पुढचे तीन आठवडे मात्र वर होतं जो डोल्चे नावाच्या गृहस्थाचं 'शडाप यू फेस'. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाला झापणारी इटालियन आई, मँडोलिन, आणि मधूनमधून सगळ्यांनी मिळून ओरडायचं 'हे!' वरातीच्या बँडवाल्यांनी उचललं असतं तर आपल्याकडेही धमाल उडाली असती. मला ते गाणं वाईट वाटत नाही, एकदा हसूही आलं. पण 'व्हिएन्ना'नंतर लगेच ऐकू नये. पुढे कितीतरी वर्षांनी बीबीसी रेडिओ २ ने दुसऱ्या नंबरवर अडकलेल्या गाण्यांसाठी श्रोत्यांचा कौल घेतला, तेव्हा लोकांनी 'व्हिएन्ना'च निवडलं.

अमेरिकेतली कथा तर आणखी केविलवाणी. फॉरेनर या बँडचं 'वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू' १९८१च्या हिवाळ्यात दहा आठवडे दुसऱ्या नंबरवर बसून होतं. त्यातले नऊ आठवडे वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल'. ते एकदाचं हललं, तर हॉल अँड ओट्सनी मधूनच येऊन जागा पटकावली. गाण्याचं नावच 'वाट पाहतोय', त्याला बिचारे काय करणार! त्याच्या सुरुवातीचा तो तरंगता सिंथेसायझर थॉमस डॉल्बीने वाजवलाय. तो तेव्हा विशी ओलांडलेला पोरगा होता आणि स्वतःचं नाव व्हायचं होतं.

गंमत म्हणजे ही सगळी गाणी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कोण पहिला, कोण दुसरा याचा पत्ताच नव्हता. आमच्यासाठी नंबर म्हणजे बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानी सांगतील ती पायदानं. इंग्रजी गाणी यायची कॅसेटवरून. कॅम्पातल्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि चिठ्ठी दिली की चार दिवसांनी ती भरून मिळायची. चिठ्ठीतलं नसलं तर दुकानदार स्वतःच्या मर्जीने काहीतरी घालायचा, आणि पट्टीवर लिहायचा 'इंग्लिश, फास्ट' किंवा 'इंग्लिश, स्लो'. त्याच्याकडे दोनच वर्ग होते. 'व्हिएन्ना' स्लोमध्ये होतं. बहुतेक भरताना त्याचा डेक जरा हळू पळत असावा, कारण आज मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना मिज युअरचा आवाज मला खाली उतरल्यासारखा वाटतोय. कान अजून त्या कॅसेटचाच सूर धरून बसलेत.

काही गाणी तर आणखी लांबच्या वळणाने आली. स्टीव्ही वंडरचं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' १९८४ मध्ये दोन्ही देशांत पहिल्या नंबरवर होतं. आमच्या वाड्यातल्या निम्म्या लोकांना ती चाल कळली १९८९ मध्ये, 'मैंने प्यार किया'तल्या 'आते जाते'मधून. आणि ती आणणारे रामलक्ष्मण, म्हणजे दादा कोंडके यांच्या चित्रपटांना संगीत देणारे आपले नागपूरचे विजय पाटील.

रविवार

सकाळी भर पावसात 'लास्ट ख्रिसमस' लावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तू आजारी आहेस का?"

व्हॅम या जोडीचं हे गाणं डिसेंबर १९८४चं. जॉर्ज मायकलने ते लिहिलं, बसवलं, वाद्यंही जवळजवळ सगळी स्वतःच वाजवली. पण त्या डिसेंबरात इथिओपियातल्या दुष्काळासाठी एकत्र आलेल्या गायकांचं, म्हणजे बँड एडचं 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' आलं आणि त्याने तीस लाखांहून अधिक प्रती खपवल्या. व्हॅम पाच आठवडे दुसऱ्या नंबरवर. बँड एडमध्ये जॉर्ज मायकल स्वतः गायलाय, म्हणजे त्याला अडवणाऱ्यांत तोही होताच. आणि ते गाणं बॉब गेल्डॉफबरोबर लिहिणारा, त्याचं ध्वनिमुद्रण उभं करणारा माणूस कोण? मिज युअर. 'व्हिएन्ना'वाला! जवळजवळ चार वर्षांपूर्वी ज्याची वाट अडली होती त्यानेच आता दुसऱ्याची अडवली, तीही पुण्यकर्म करताना. व्हॅमनेही आपल्या गाण्याचं उत्पन्न त्याच दुष्काळासाठी देऊन टाकलं, हे आज वाचलं आणि बरं वाटलं.

हे गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर पोचलं २०२१च्या पहिल्या आठवड्यात. जॉर्ज मायकल २०१६च्या नाताळच्या दिवशीच गेला होता. मुलीला हे सांगितलं तर तिला त्यात काही विशेष वाटेना. "केट बुशचं नाही का आलं परत?" तेही खरं. 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये तिसरं होतं, २०२२ मध्ये एका मालिकेमुळे पहिलं झालं, आणि तिच्या पिढीसाठी ते नवंच गाणं आहे.

मग दुपारभर हेच डोक्यात. तेव्हा इंग्लंडात मोजत काय होते? ठरावीक दुकानांतून त्या आठवड्यात किती तबकड्या विकल्या गेल्या, एवढंच. घरी नेऊन तुम्ही ती एकदा लावा नाहीतर हजारदा, दुकानातली नोंद एकच. अमेरिकेत तर रेडिओवर काय वाजतंय याची भर आणि विक्रीचा हिशेब दुकानदार सांगतील तो. यंत्राने नेमके आकडे घ्यायला १९९१ उजाडलं. इंग्लंडच्या यादीत २०१४ पासून इंटरनेटवर ऐकणंही धरतात, म्हणून 'लास्ट ख्रिसमस' दर डिसेंबरात पुन्हा वर चढतं. 'शडाप यू फेस' घेणाऱ्यांनी ते कितीदा लावलं असेल याचा माझा एक अंदाज आहे, तो इथे लिहीत नाही.

पण दुसरा नंबर म्हणजे अन्याय, असं सरसकट म्हणायला गेलो आणि संध्याकाळी प्रिन्सने तोंडघशी पाडलं. १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' चार आठवडे दुसऱ्या नंबरवर होतं. हिट गाणं हवं म्हणून व्यवस्थापक मागे लागला आणि स्प्रिंगस्टीनने वैतागून एका रात्रीत लिहिलं. वैताग गाण्यात ऐकू येतो, म्हणूनच ते आवडतं. स्वतःच्या नावावर अमेरिकेत पहिला नंबर त्याला कधीच मिळाला नाही. आधी वर होते ड्युरान ड्युरान, मग आलं प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय'. त्या गाण्यात बेस गिटारच नाही. नाचायच्या गाण्यातून बेस काढून टाकायचा आणि पाच आठवडे सगळ्यात वर राहायचं! मी ते तीनदा लागोपाठ ऐकलं, बेस कुठे असायला हवा होता ते शोधत. जागा सापडली नाही. स्प्रिंगस्टीन, तुझ्याबद्दल कितीही प्रेम असलं तरी माझं मत प्रिन्सला.

उद्या 'आहा' हा नॉर्वेचा बँड. 'टेक ऑन मी' अमेरिकेत पहिलं, इंग्लंडात दुसरं, तेही १९८४ मध्ये एकदा सपशेल आपटून, पुन्हा ध्वनिमुद्रित करून. वर होतं जेनिफर रशचं 'द पॉवर ऑफ लव्ह'. ते मी आजवर धड ऐकलेलं नाही, तेव्हा निकाल तोवर राखून.