दरवाझ्याची आग

परत येऊन चार दिवस झाले, बूट कितीदा झटकले तरी वाळू निघतेच आहे आणि गाइडदादांचं ते एक वाक्य डोक्यातनं जात नाहीये.

दरवाझाला, म्हणजे तुर्कमेनिस्तानातल्या त्या जळत्या गॅसच्या विवरापाशी, पोचलो तेव्हा अंधार पडला होता. राजधानी अश्गाबातपासून अडीचशे किलोमीटरच्या वर, काराकुम वाळवंटातला तो खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता, कंबर अजून दुखतेय. अण्णांच्या कॉम्प्युटरवर कायम असायचा तोच फोटो मनात होता, अख्खं विवर धडधडून पेटलेलं. कडेला जाऊन बघते तर ज्वाळा होत्या पण इथे थोड्या, तिथे थोड्या, बाकी सगळा काळा खड्डा. रडूच आलं. केवढे पैसे, व्हिसाच्या त्या निमंत्रणपत्रासाठी केलेली धावपळ, आणि नेमकी मी आले तेव्हाच हे विझायला आलंय? अण्णांना तर आता...

दादा शेजारी उभे होते. म्हणाले, आजूबाजूला विहिरी खणून गॅस काढून घेतायत, म्हणून आग कमी झालीय, बरं झालं, किती वर्षं नुसता जळत होता. अगदी मनापासून खूश होते.

मी हो म्हटलं. खोटं म्हटलं, आणि तेच टोचतंय. गॅस त्यांचा, जमीन त्यांची, पन्नासेक वर्षं फुकट जळलेलं त्यांचं धन आणि मला वाईट कशाचं तर फोटो मिळाला नाही याचं?

आदल्या दिवशी मर्वला, त्या प्राचीन शहराच्या अवशेषांत, असं काहीच वाटलं नव्हतं. तिथे तर शहरच उरलेलं नाही, १२२१ मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलं ते. सुलतान संजरची कबर उभी आहे, क्यिज काला या जुन्या गढीच्या त्या पन्हाळी पत्र्यासारख्या मातीच्या भिंती आहेत, मधे नुसती माती आणि वारा. दुपारभर भटकले, पोट भरून बघितलं. अश्गाबातचा पांढराशुभ्र संगमरवर मात्र मला नाही भावला, असो. पण मर्वकडे मी काही मागितलं नाही, दरवाझाकडे मागितलं. अण्णांचा फोटो मागितला.

नंतर कडेला बसून राहिले. गरम वाफ तोंडावर येत होती, आग घुमल्यासारखा आवाज करत होती. जेवढी होती तेवढी बघितली. दादांनी चहा आणून दिला तेव्हा त्यांना म्हटलं, बरं झालं. या वेळी जरा खरं होतं, पूर्ण नाही.

आज फोटो कॉम्प्युटरवर टाकले. अण्णांचा वॉलपेपर तसाच ठेवलाय, हात धजला नाही. माझा काळा खड्डा वेगळ्या फोल्डरमध्ये आहे.