क्लिक न करणारे वाचक

श्रवणयंत्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळाचे सर्चविषयक काम मी पाहतो. गेल्या आढावा बैठकीत त्यांच्या विपणन प्रमुखांनी सर्च कन्सोलमधला, म्हणजे गूगलच्या शोधात पान कसे चालते हे दाखवणाऱ्या साधनातला, बॅटरीविषयीच्या पानाचा आलेख पडद्यावर लावून विचारले, "पान पहिल्याच क्रमांकावर आहे, मग माणसे गेली कुठे?" पान निकालांत किती वेळा दिसले हे सांगणारी जांभळी रेषा चढत होती, क्लिकची निळी रेषा उतरत होती आणि सरासरी स्थान जागचे हलले नव्हते.

ते पान मी कंपनीच्या श्रवणतज्ज्ञ बाईंसोबत बसून लिहिले होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. झिंक-एअर बॅटरीवरचे स्टिकर काढले की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि तेव्हाच ती काम करू लागते. म्हणून ती काही मिनिटे तशीच ठेवून मग यंत्रात बसवावी, आणि स्टिकर परत चिकटवल्याने तिची झीज थांबत नाही, हे आम्ही नेमके मांडले होते. ही बॅटरी कशी वापरावी, हा प्रश्न मी बैठकीतच फोनवर टाइप केला. गूगलचा एआय सारांश सर्वांत वर आला. त्यात आमचेच उत्तर, शब्द थोडे फिरवून, पूर्ण दिले होते आणि आमचा दुवा कडेला लहानशा चिन्हात होता. स्टिकर परत चिकटवण्याबद्दलची सूचना मात्र गळली होती, आणि ग्राहक फसतात ते नेमके तिथेच.

हे सारांश 2024 मध्ये अनेक देशांत दिसू लागले, तरी अशा सारांशातले दिसणे आमच्या अहवालात वेगळे निघत नव्हते. निम्मा आंधळा अहवाल पुढे ठेवून जाब विचारणे मला अन्यायाचे वाटते.

सोशल मीडिया पाहणाऱ्या सहकाऱ्याने मग बॅटरीच्या पानावर खर्च होणारी सगळी रक्कम रील्सकडे वळवण्याचा आग्रह धरला. 2022 मध्ये गूगलचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन म्हणाले होते की, जेवायला जागा शोधताना जवळपास 40 टक्के तरुण गूगलऐवजी टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामकडे जातात. हे विधान तो प्रत्येक बैठकीत पुढे करतो. पण आमच्याकडे शोध घेतात ती बहुधा आईवडिलांसाठी चौकशी करणारी मुले, आणि त्यांचा निर्णय कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये होतो. तिथून आलेला माणूस अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे संकेतस्थळावर कोण कुठून आले हे मोजणाऱ्या साधनात, बहुतेक वेळा "डायरेक्ट" (थेट आलेला) म्हणून नोंदला जातो, म्हणजे त्याचे श्रेय कोणाच्याच खात्यात पडत नाही.

बॅटरीच्या पानाचा खर्च तूर्त थांबवला आहे. कंपनीच्या नावाने होणारे शोध मात्र त्याच काळात वाढलेले दिसतात. सारांशात नाव वाचून ही माणसे येत असावीत, असा माझा कयास आहे, पण तो सिद्ध करणारा आकडा माझ्याकडे नाही. म्हणून ग्राहकसेवेतल्या मंडळींना मी विनंती केली आहे की, फोन करणाऱ्या प्रत्येकाला आमचे नाव प्रथम कुठे वाचले हे विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.