दोन वर्षांत नर्स तयार झाली, हे ठरवायचे कशावरून?

भारतात सुट्टीवर गेले की, किंवा इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणाशी ओळख झाली की, एक प्रश्न हमखास येतो: "आपल्याकडे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, तीन वर्षे लागतात, बीएस्सी नर्सिंगला चार, तुमच्या अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, दोनच वर्षांत नर्स होतात, मग त्या खरोखर तयार झाल्या आहेत हे तुम्ही ठरवता कशावरून?" कॅलिफोर्नियातील अशाच एका कॉलेजात मी शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या निकालांचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे कामही माझ्याकडे असते. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगते.

'दोन वर्षे' हा हिशेब मुळात फसवा आहे, कारण शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रवेशाआधीच पूर्ण करावे लागतात. हा अभ्यासक्रमही कालपरवाचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांचा तुटवडा जाणवू लागला, तेव्हा नर्सिंग-शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी त्याची कल्पना मांडली आणि 1952 मध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला. शेवटी चार वर्षांची पदवी घेतलेल्या मुलीला आणि आमच्या मुलीला परवान्यासाठी एन्क्लेक्स ही एकच परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षेच्या निकालाची टक्केवारी हा सर्वांचा आवडता आकडा. संगणक उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडतो आणि ती उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली याची 95 टक्के खात्री पटली की 85 ते 150 प्रश्नांच्या दरम्यान कुठेही परीक्षा थांबवतो. एप्रिल 2023 पासून तिचे स्वरूप बदलले आणि रुग्णाच्या एकाच प्रकरणावर एकापाठोपाठ प्रश्न येऊ लागले. अमेरिकेत शिकून पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्यांपैकी 2022 मध्ये सुमारे 80 टक्के उत्तीर्ण झाले होते, तर 2023 मध्ये 88 टक्क्यांहून अधिक. एका वर्षात देशभरच्या शिक्षकांना अचानक शिकवता येऊ लागले, असे मला तरी वाटत नाही. म्हणून आमचा आकडा मी मागच्या वर्षाच्या आमच्याच आकड्याशी ताडून पाहत नाही, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आकड्याशी ताडते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे छेदात कोणाला धरले आहे. समजा एखाद्या कॉलेजात 40 जणींनी प्रवेश घेतला, 24 जणी शेवटपर्यंत टिकल्या आणि त्यांतील 23 उत्तीर्ण झाल्या, तर माहितीपत्रकावर 96 टक्के झळकतात. आत आलेल्या 40 जणींचा हिशेब केला तर मात्र निम्म्याहून थोड्याच अधिक जणी नर्स झालेल्या असतात. कॅलिफोर्नियात पहिल्या प्रयत्नातील निकाल किमान 75 टक्के असावा लागतो, आणि ही अट सांभाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग कच्च्या विद्यार्थिनीला परीक्षेपर्यंत पोहोचूच न देणे हा आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्या मुलीला केवळ कॉलेजच्या एका सराव परीक्षेवरून पदवीसाठी अडवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तिचे नाव अंशातही येत नाही आणि छेदातही येत नाही.

गळतीचीही चाळण करावी लागते. औषधाच्या मात्रेचे गणित वारंवार चुकणारी विद्यार्थिनी थांबली, तर रुग्णांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण आमच्याकडे अनेक जणी रात्रपाळीत सहायक म्हणून काम करून, मुलांना कोणाकडे तरी सोपवून सकाळी साडेसहाला रुग्णालयात हजर होतात. त्यांतली एखादी, मूल सांभाळणारी बाई निघून गेल्यामुळे, शिक्षण सोडते. या दोघींना एकाच रकान्यात घातले, तर त्या अहवालावरून सुधारायचे काय, ते कोणालाच कळणार नाही.

एवढे करूनही मूळ प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर खाटेशेजारी मिळते. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन हे वेदनाशामक सुरू असलेला रुग्ण आम्ही सिम्युलेशनच्या खोलीत पुतळ्याच्या रूपाने ठेवतो. त्याला ऑक्सिजन लावलेला असतो, त्यामुळे मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनची संपृक्तता 95 टक्के दिसते आणि सगळे आलबेल वाटते. श्वास मात्र मॉर्फिनमुळे मंदावून मिनिटाला आठच. बऱ्याच जणी मॉनिटरकडे पाहतात आणि श्वासांच्या रकान्यात सवयीने नेहमीचा 16 हा आकडा लिहितात. ही सवय त्या वॉर्डातूनच उचलून आणतात, हेही कबूल केले पाहिजे. एखादीच घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजते, रुग्णाला हाक मारून तो कितपत जागा आहे ते पाहते, मॉर्फिन थांबवते आणि मदत बोलावते. लेखी परीक्षेत दोघींनाही सारखेच गुण असू शकतात. हा फरक नोंदवण्यासाठी आम्ही नर्सिंगच्या प्राध्यापिका कॅथी लासाटर यांची 2007 मधील मोजपट्टी वापरतो. लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर त्यावर विचार करणे, या क्रमाने तीत विद्यार्थिनीची पातळी ठरते. अर्थात मोजपट्टी एक असली तरी मोजणारे हात अनेक असतात. एकच चित्रफीत पाहून एक शिक्षिका 'विकसनशील' म्हणते आणि दुसरी 'पारंगत', म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वी आम्ही सगळ्या एकत्र बसून तीच चित्रफीत तपासतो आणि मतभेद मिटेपर्यंत वाद घालतो.

नोकरी देणाऱ्या रुग्णालयांना पाठवलेल्या प्रश्नावल्या फारशा परत येत नाहीत, आणि आल्या तरी त्यांत 'समाधानकारक' यापलीकडे काही नसते. त्यापेक्षा वॉर्डप्रमुखांना फोन केलेला बरा. त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: आमच्या मुलींना रुग्ण बिघडतो आहे हे कळते, पण रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवून नेमके काय सांगायचे, इथे त्या अडखळतात. तेव्हापासून दुसऱ्या सत्रातच डॉक्टरांना करायच्या फोनची परीक्षा सुरू केली आहे. पलीकडे एक शिक्षिका मुद्दाम झोपमोड झाल्याच्या स्वरात बोलते, आणि परिस्थिती, पूर्वेतिहास, स्वतःचा अंदाज आणि हवा असलेला आदेश हे चारही मुद्दे सांगेपर्यंत विद्यार्थिनीने फोन ठेवायचा नसतो.