लक्झरी सोडून हेक्सा घेतली, आणि मग एनओसीसाठी अकरा आठवडे

आधी एकच सांगते, बाकी वाचलं नाहीत तरी चालेल. जुनी गाडी आवडली की टोकन द्यायच्या आधी आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, हातात घ्या, सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका आणि फायनान्सर म्हणून कुणाचं नाव दिसतंय का ते बघा. मालक म्हणतात कर्ज फिटलंय, बँकेचं पत्रसुद्धा दाखवतात, ते खरंही असतं, पण आरसीवरनं बँकेचं नाव उतरलेलं नसेल तर गाडी तुमची होत नाही. मी हे टोकन दिल्यावर बघितलं. त्यापायी एप्रिलच्या शेवटी ठरलेली गाडी माझ्या नावावर व्हायला ऑगस्टचा मध्य उजाडला.

आम्ही गोव्यात साखळीला राहतो, घरचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग, सत्तरी तालुक्यात, केरीच्या आतल्या बाजूला. गणपती तिथल्या जुन्या घरातच बसतो. डांबर संपलं की पाऊण किलोमीटर तांबड्या मातीचा चढ आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. आमची जुनी हॅचबॅक जून ते ऑक्टोबर खाली वडाकडेच ठेवायची आणि सगळं सामान डोक्यावरनं वर. सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्याच्या आदल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, पावसात. ज्या माणसाने ती वाट स्वतः कुदळीने केली त्याला असं न्यावं लागलं, दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. त्या रात्रीच मी ठरवलं की पुढच्या चवथीला घरात फोर-व्हील ड्राइव्ह पाहिजे आणि सात माणसं बसतील अशी पाहिजे. नवरा बोटीवर असतो, तो म्हणाला तू बघ, तुला पटेल ती घे. बजेट साडेबारा लाख.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक जर्मन, सात सीटची, २०१५ ची डिझेल, गोव्याचंच पासिंग, एअर सस्पेन्शन (म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली), डीलरकडे साडेबारालाच. दुसरी टाटा हेक्सा, एक्सटी फोर बाय फोर, २०१८ ची, घाटावरच्या एका शहरातल्या निवृत्त मास्तरांची, आठ लाख चाळीस हजार.

जर्मन गाडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. हायवेला ती चालवताना हात हलके होतात, आत बसलं की बाहेरचा आवाज नाही, आणि एक बटण दाबलं की गाडी खाली बसते, सासरे कुणाचा हात न धरता आत बसले. त्यांना ती आवडली हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. धाकटे दीर तर तिच्याच मागे. "वहिनी, एवढ्या पैशात ही गाडी परत मिळायची नाही."

आमच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, मात्र सांगितलं, एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी चारही कोपरे बघा. डीलर एक रात्र गाडी द्यायला तयार नाही. मग आम्ही संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी जाऊन फोटो काढले आणि सकाळी शटर उघडताना परत हजर. मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसलेला. त्या एका स्ट्रटचं कोटेशन सत्तर हजारांच्या वर, आणि मेस्त म्हणाला एक गेला की दुसराही लांब नसतो. गाडीची किंमत दहा वर्षांत उतरते पण तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही, हे मी दिरांना तीनदा सांगितलं. त्यात रनफ्लॅट टायर, म्हणजे स्टेपनीच नाही. माहेर बेळगावला, चोर्ला घाटातनं महिन्यातनं एकदा मी मुलांना घेऊन एकटी जाते, मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नसते. स्टेपनीशिवाय मी जाणार नाही, विषय संपला.

हेक्सात ते बटण नाही, चढायला उंच आहे. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर. इंजिन २.२ लिटरचं, सफारी स्टॉर्ममध्येही तेच यायचं, त्यामुळे टाटाने २०२० मध्ये हेक्सा बंद केली तरी इंजिनाचं काम कुठल्याही टाटावाल्या मेस्तला माहीत असतं. एक लक्षात ठेवा, हेक्साच्या फोर बाय फोरला लो गिअर (अवघड चढासाठीचा वेगळा, सावकाश पण जास्त ताकदीचा गिअर) नाही, गरज पडेल तशी ताकद मागच्यापुढच्या चाकांत वाटली जाते. सरळ उभा दगडी चढ असेल तर लो गिअरचीच गाडी बघा, आमच्या मातीच्या चढाला हे पुरतं. आणि फोर-व्हील ड्राइव्ह बघताना चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा, दोन नवे दोन जुने असतील तर आतल्या सिस्टीमवर सतत ताण येतो. आपल्या गोव्याकडची गाडी असेल तर खाली झोपून गंजही बघा, खाऱ्या हवेत चेसिस खाल्लेली असते. ही घाटावरची, खालनं कोरडी ठणठणीत.

तर मास्तरांना टोकन दिलं. घरी येऊन नंबर टाकला, आणि हायपोथिकेशन, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद, दिसलं.

मास्तरांचं कर्ज २०२२ मध्येच फिटलं होतं. बँकेने तेव्हा आमची हरकत नाही असं एनओसीचं पत्र दिलं, त्यांनी ते फाईलला लावलं आणि आरटीओत द्यायचं राहिलं. असं खूप जणांचं असतं, माझा त्यांच्यावर राग नाही. पण आरसीवर ज्या बँकेचं नाव, ती बँकच आता त्या नावाने नाही. १ एप्रिल २०२० ला सरकारी बँकांचं मोठं विलीनीकरण झालं, दहा बँकांच्या चार झाल्या, त्यातली ही एक. आरसीवर जुनं नाव, पत्रावर नवं नाव.

पहिल्यांदा बँकेत. मास्तरांची शाखा बंद होऊन दुसऱ्या शाखेत गेलेली. तिथे सांगितलं पत्र जुनं झालं, नवीन घ्या, आरसीवरनं बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का घ्या. बरोबर आहे, घेतो. पण खातं जुन्या सिस्टीममध्ये आहे, वरनं मागवावं लागेल, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी साहेब रजेवर. मग फॉर्म मिळाला तर एकाच प्रतीवर सही, दोन प्रती लागतात हे मास्तरांना आरटीओच्या खिडकीवर गेल्यावर कळलं. परत बँक. मी तेव्हा साखळीत बसून फोन करत होते आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या कामासाठी रिक्षाने हिंडतोय याची मला लाज वाटत होती, म्हणून तिसऱ्या वेळी रजा टाकून मी स्वतः गेले, आंबोलीमार्गे, पहाटे पाचला निघून.

खिडकी दहाला उघडणार होती, पावणेअकराला उघडली. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी फॉर्म बघितला, स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या नाव जुळत नाही. मी म्हटलं मॅडम बँक विलीन झालीय, सगळ्या देशाला माहीत आहे. त्या म्हणाल्या मला माहीत असून काय उपयोग, कागद कुठे आहे. कुठला कागद? ते बँकेला विचारा. बँक म्हणाली असा कागद आम्ही देत नाही. परत खिडकी. खिडकी म्हणाली मग होणार नाही. त्यांना आवाज चढवायची गरज नव्हती, कारण नाही म्हणून त्यांचं काहीच अडत नव्हतं, अडत होतं ते आमचं, आणि मागे उभ्या पंचवीस माणसांचं. बाहेर एक एजंट उभा, म्हणाला पाच हजार द्या, कागद मी बघतो. मी दिले नाहीत. मला अजूनही वाटतं बरं केलं, जरी त्यापायी आणखी तीन आठवडे गेले.

तो कागद म्हणजे काय ते शेवटी माझ्या मैत्रिणीने सांगितलं, ती दुसऱ्या एका बँकेत आहे. विलीनीकरणाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापलेली असते. ती नेटवरनं काढायची, दोन्ही बँकांची नावं जिथे आहेत तिथे हायलाइटर मारायचा, आणि शाखेकडनं लेटरहेडवर चार ओळी घ्यायच्या की अमुक बँकेची सगळी कर्जखाती आता आमच्याकडे आहेत. झालं. एवढंच. हे त्या खिडकीवर एका चिठ्ठीवर लिहून देता आलं असतं. बँक विलीन झालेले आम्ही पहिले तर नव्हतो ना.

हायपोथिकेशन उतरलं. मग गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओची वेगळी एनओसी लागते, तिचा फॉर्म २८ भरला तर गाडीवर दोन ई-चलान. एक पाचशेचं, ते तिथेच फोनवर भरलं. दुसरं कोर्टात गेलेलं, ते नुसतं ऑनलाइन भरता येईना, त्यासाठी लोकअदालतीची तारीख येईपर्यंत थांबलो. म्हणून टोकनच्या आधी चलानही बघा, हे मी वर लिहायला हवं होतं. फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो, तो गाडी धुवून, नंबरावरचं ग्रीस पुसून चार-पाच काढून ठेवा, पहिला आमचा अंधुक म्हणून परत आला.

या सगळ्यात गाडी मास्तरांच्याच अंगणात. ते म्हणाले घेऊन जा, मीच नको म्हटलं. नावावर झाली नसताना माझ्या हातनं अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने जबाबदार धरला जातो, मला ते त्यांच्यावर येऊ द्यायचं नव्हतं. दीड लाखही एनओसी होईपर्यंत राखून ठेवले होते, ते आधीच कागदावर लिहून, तेही तुम्ही करा, कुणी कितीही सज्जन असो. पण त्यामुळे जूनमध्ये पोफळींवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) फवारायचं आलं तेव्हा गाडी नाही. पावसात सुपारी कुजवणारा कोळेरोग कुणासाठी थांबत नाही. मोरचूद, चुना, पिंपं, पंप, सगळं भाड्याच्या जीपने दोनदा वर नेलं. जीप व्हाळात रुतली तेव्हा मी खरंच रडले.

जुलैच्या मध्यावर मास्तरांचा फोन आला. "बाई, झाली." मी ऑफिसमध्ये होते, जिन्यात जाऊन उभी राहिले.

गोव्यातलं काम महिन्याभरात झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त टॅक्स. दुसऱ्या राज्यातली गाडी आणलीत की इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो धरूनच किंमत ठरवा. आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्यांचा, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते, मला ती ऐनवेळी कळली.

चढायच्या उंचीवर मेस्तने उपाय केला, मागच्या डाव्या दाराखाली रुंद साइड स्टेप आणि आत खांबाला धरायला दांडा. सासऱ्यांना दोन दिवस अंगणात सराव करायला लावला. दिरांनीच शिकवलं.

चवथ २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी दुपारी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीचं) सगळं सामान घेऊन निघालो, पाऊस कोसळत होता, गाडीत सात माणसं, मांडीवर नारळांचा घोस. वडाकडे मी गाडी थांबवली नाही. व्हाळात पाणी फूटभर, ड्राइव्ह मोडचा नॉब रफ रोडवर, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश. मधल्या वळणावर मागचं चाक एकदा घसरलं आणि धरलं. सासरे पुढच्या सीटवर हट्टाने बसले होते, जिथे दांडा नव्हता. वर पोचल्यावर म्हणाले, वळणाकडे उजवीकडनं घे, तिथे मी खाली चिरे घातलेत.

मास्तरांना नव्या नंबरप्लेटचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला, दुसरी चावी त्यांच्या कपाटात राहिली होती.