कुंडलिका, कयाक आणि सैल कंबर

पुण्याहून कोलाडला जायचं तर ताम्हिणी घाटासारखा रस्ता नाही. पौड मागे पडलं की मुळशीचा जलाशय दिसू लागतो आणि बराच वेळ वळणावळणावर सोबत करतो. या पाण्याखाली मुळशी पेट्यातली गावं आहेत. 1921 साली इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी, भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरणानंतर तिचं पाणी पश्चिमेला वळलं. सह्याद्रीवरून ते नळांमधून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कोलाडवरून वाहणाऱ्या कुंडलिका नदीत येतं. 1927 पासून हे चालू आहे. पुढे रवाळजेच्या बंधाऱ्यावर पाणी अडतं आणि विजेच्या गरजेप्रमाणे खाली सुटतं. म्हणूनच भर मे महिन्यात, कोकणातल्या इतर नद्यांचे नुसते धोंडे उघडे पडलेले असतात तेव्हाही, कुंडलिका सकाळी भरून वाहते. कोलाडचं सगळं राफ्टिंग या पाण्यावर उभं आहे. घाटातून जाताना मला दर वेळी त्या बुडालेल्या गावांची आठवण येते आणि मग त्याच पाण्यावर होडी सोडायची असते. हे पाणी फुकटात मिळालेलं नाही, एवढं तरी तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

राफ्टिंग पूर्वी केलं होतं, या वेळी कयाक शिकायची होती. राफ्ट मोठी, हवा भरलेली, आठ-दहा जण मिळून वल्ही मारणारे. तिला उलटायला बरंच काही घडावं लागतं. कयाकचं तसं नाही. नदीतली कयाक प्लॅस्टिकची, माणसापेक्षा थोडी लांब. बसल्यावर तळवे आतल्या आधारांवर टेकतात, गुडघे आणि मांड्या वरच्या कडेखाली घट्ट बसतात, पाठीमागे पट्टा. मग कमरेभोवतीचा रबरी स्कर्ट कयाकच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे आत पाणी येत नाही. आता कमरेखालचं शरीर आणि होडी एकच. तुम्ही मान वळवून मागे पाहिलंत तरी ती हलते.

तोल जाण्याचं गणित ऐकायला सोपं आहे. शरीराचं वजन खाली खेचतं, पाणी होडीला वर ढकलतं. ही दोन्ही बलं जोवर एकमेकांना सावरतात तोवर होडी सरळ. सपाट तळाची कयाक सुरुवातीला फार भरवशाची वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम पालथी होते. गोलसर तळाची आधीपासूनच लटपटते, मात्र कडेवर कलून बराच वेळ टिकते. नवशिक्यांना पहिली आवडते. मला शिक्षकाने मुद्दाम दुसरी दिली आणि ते फार बरं केलं.

हा शिक्षक सुतारवाडीकडचा, पंचविशीतला. ऋषिकेशहून आलेल्या गाइडांबरोबर काम करत करत शिकलेला. दुपारनंतर नदीचं पाणी ओसरतं तेव्हा एका डोहात आमचा सराव असे. तोल सांभाळायला शिकायचं म्हणून मी आले होते आणि त्याने पहिलं काम दिलं ते होडी उलटवायचं.

“आधी बाहेर पडायला शिका ताई,” तो म्हणाला. “ते जमलं की मग उलटायची भीती राहत नाही. भीती गेली की अर्धं काम झालं.”

पद्धत अशी. खोल श्वास घ्यायचा, एका बाजूला झुकायचं आणि जाऊ द्यायचं. पाण्याखाली डोकं गेलं की छाती पुढे वाकवून स्कर्टकडे न्यायची, म्हणजे चेहरा तळाच्या दगडांपासून वाचतो. दोन्ही हात वर काढून, म्हणजे पाण्याबाहेर, होडीच्या तळावर थापा मारायच्या. त्यात दोन गोष्टी साधतात: कोणी जवळ असेल तर त्याला कळतं आणि आपल्यालाही कळतं की घाई नाहीये. मग स्कर्टच्या पुढच्या टोकाचा पट्टा आधी पुढे आणि मग वर ओढायचा, हात कमरेच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे आणि पुढे कोलांटी घेतल्यासारखं बाहेर सरकायचं. या सगळ्या वेळात नाकाने ‘हुं’ करत राहायचं. हवा बाहेर जात राहिली की पाणी नाकात शिरत नाही. उलट्या डोळ्यांना आधी हिरवट उजेड दिसतो, मग आपलेच बुडबुडे पायांकडे जाताना दिसतात. पहिल्यांदा हे सगळं फार लांबल्यासारखं वाटलं. काठावर बसलेल्या मैत्रिणीने सांगितलं की चार-पाच सेकंदांच्या वर गेलं नव्हतं. हे इतक्या वेळा केलं की शेवटी पाण्याखाली असताना आज संध्याकाळी जेवायला काय असेल असे विचार येऊ लागले. त्यानंतरच त्याने मला सरळ बसायला शिकवलं.

खरं शिक्षण कमरेचं. घाबरलेला माणूस अंग आवळतो. कयाकमध्ये अंग आवळलं की होडीचा प्रत्येक हेलकावा सरळ डोक्यापर्यंत जातो, डोकं बाहेर झुकतं आणि सगळा भार त्याच्या मागे निघतो. कंबर सैल असेल तर होडी खाली हवी तशी डुलते, पोटापासून वरचं अंग जिथल्या तिथे राहतं. डोहाच्या वरच्या वाटेने बायका डोक्यावर हंडे घेऊन चढत होत्या. पाय दगडांवरून वाकडेतिकडे, कमरा डावी-उजवीकडे, आणि हंड्यातलं पाणी हिंदकळत नाही. मला नेमकं तेच करायचं होतं, बसून. शिक्षक माझ्या होडीचं टोक धरून जोरजोरात हलवायचा आणि ओरडायचा, “कंबर सोडा ताई! बोट हलू दे, तुम्ही नका हलू.”

त्यापुढचा धडा गुडघ्याचा. शिक्षकाच्या कयाकचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, अंग पाण्यावर आडवं टाकायचं, कान पाण्याला लागेपर्यंत. आता होडी माझ्यावर जवळजवळ पालथी आलेली. इथून हातांवर जोर न देता पाण्याकडचा गुडघा वर खेचायचा आणि कमरेचा एक झटका द्यायचा, की होडी फिरून आपल्या खाली येते. आधी होडी, मग अंग, आणि डोकं सगळ्यात शेवटी. प्रत्येकाची उपजत ओढ नेमकी उलटी असते: बुडणारा माणूस आधी डोकं वर काढतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते आधी उचललं की तेवढं वजन उचलायला अंग खाली दाबावं लागतं आणि होडी पुन्हा पालथी होते. शिक्षकाने युक्ती दिली की खांद्यावर कान चिकटवून ठेवा, आणि वल्ह्याच्या पाण्यातल्या पात्याकडेच बघत राहा. नजर खाली असेल तर डोकं वर येत नाही. हा साधा उपाय मला आजवर सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय.

त्यानंतर वल्हं हातात आलं. सावरण्याचे दोन प्रकार. लो ब्रेसमध्ये कोपरं वल्ह्याच्या दांड्याच्या वर, पात्याची पाठ पाण्यावर सपाट आपटायची आणि तेवढ्या आधारावर कमरेने होडी सरळ करायची. हाय ब्रेसमध्ये कोपरं दांड्याच्या खाली, पात्याची पुढची बाजू पाण्यावर. होडी फार कलली असेल तर हा दुसरा. पण यात हात डोक्याच्या वर आणि मागे गेला तर खांदा निखळतो. कयाक चालवणाऱ्यांची ही ठरलेली दुखापत आहे. कोपरं बरगड्यांजवळ, हात हनुवटीच्या खाली, हा नियम मी घोकून घेतला. आणखी एक: पाणी म्हणजे कठडा नव्हे. पातं टेकवून त्यावर रेलून राहिलं तर ते बुडतंच. क्षणभराचा आधार मिळतो, त्या क्षणात कमरेने आपलं काम उरकायचं असतं.

हे सगळं शोधणारे लोक कोण, हे वाचलं तेव्हा त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी सीलच्या कातड्याची कयाक घेऊन बर्फाळ समुद्रात जात. तिथे होडीतून बाहेर पडणं म्हणजे थंडीने मरण. म्हणून पालथी झालेली कयाक आत बसल्या बसल्याच सरळ करायची कला, म्हणजे रोल, त्यांनी अनेक प्रकारे विकसित केली: वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने, नुसत्या हातानेसुद्धा. हात दोरीत अडकला असेल तर कसं, वल्हं हरवलं असेल तर कसं, याचे वेगवेगळे प्रकार. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाला युरोपात पहिल्यांदा रोल जमला तो 1927 साली, भिऱ्याचं वीजघर सुरू झालं त्याच वर्षी. त्यानंतर जिनो वॉटकिन्स हा इंग्रज तरुण थेट ग्रीनलंडमध्ये जाऊन इनुइटांकडून ही विद्या शिकला. 1932 मध्ये तिथेच, कयाकवर एकटा शिकारीला गेलेला असताना, तो पंचविशीत गेला. एकट्याने पाण्यात जाऊ नये हे मी सगळ्यांना सांगत असते ते उगाच नाही.

डोहातला सराव अंगात भिनला तशी सकाळच्या नदीवर गेले. पाणी सुटल्यावर कुंडलिकेचा आवाजच बदलतो. इथे एडी, म्हणजे धोंड्यामागचं उलटं फिरणारं पाणी, समजून घ्यावी लागते. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरतं. तिथे होडी आरामात थांबते. पण तिथून पुन्हा मुख्य धारेत शिरताना एका रेषेच्या अलीकडे पाणी वर चाललेलं, पलीकडे खाली. टोक पलीकडे गेलं की धार त्याला झपकन वळवते. त्या क्षणी ज्या बाजूने पाणी येतंय ती कड उचलायची, म्हणजे येणाऱ्या पाण्याला होडीचं पोट दाखवायचं. ती कड खाली राहिली तर पाणी तिच्यावर चढतं आणि विचार करायलाही वेळ मिळत नाही, होडी पालथी.

धोंड्यावर आपटण्याचंही तेच. होडी आडवी होऊन खडकाकडे निघाली की कोणीही खडकापासून लांब झुकेल. लांब झुकणं म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे झुकणं, आणि पाणी तीच कड दाबतं. झुकायचं खडकाकडे, त्याला अक्षरशः मिठी मारायची. एका सकाळी तशी वेळ आली. काळा, शेवाळलेला, अर्धा बुडालेला धोंडा माझ्या उजव्या खांद्याशी आला आणि अंग आपणहून त्याच्याकडे गेलं. गाल दगडाला लागला, थंडगार. होडीचं पोट पाण्याकडे वळलं, पाणी खालून निसटून गेलं आणि हळूहळू टोक सुटलं. त्या सेकंदात मी काहीच ठरवलं नव्हतं. दुपारी डोहात घासलेलं सगळं तिथे कामी आलं. खाली एडीत थांबलेल्या शिक्षकाने वल्हं डोक्यावर आडवं धरून उंचावलं. मला फार आनंद झाला. लिहिताना आत्ताही होतोय.

वल्हं मारत राहणं हाही सावरण्याचाच भाग आहे, हे तिथे कळलं. लाटांत शिरताना नवखी माणसं वल्हं छातीशी धरून बसतात. पातं पाण्यात असतं तोवर आधार हाताशी असतो, शिवाय होडीला पाण्यापेक्षा थोडा जास्त वेग राहतो.

जमलं नाही आणि बाहेर पडावं लागलं तर? पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, पृष्ठभागाजवळ. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला तर गुडघाभर पाणीही माणसाला खाली दाबून ठेवतं. होडी आपल्या पुढे ठेवायची, आपण तिच्या आणि धोंड्याच्या मध्ये सापडायचं नाही. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट डोहातसुद्धा.

कुंडलिका रोह्यावरून पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. एका बाजूला रेवदंडा, समोर कोर्लईचा किल्ला. मला शिकवणारं हे पाणी शेवटी जातं कुठे ते होडीतूनच बघायचं होतं, म्हणून मित्रांच्या लांब, समुद्री कयाक घेऊन साळावच्या पुलाजवळून भरतीच्या वेळी निघालो. इथे धोंडे नाहीत, पण साळावच्या जेट्टीकडे जाणारे बार्ज आहेत. बार्ज निघून गेल्यावर थोड्या वेळाने त्याच्या लाटा आडव्या येतात, एकामागून एक, न फुटणाऱ्या. त्यांना काही करायचं नसतं. कंबर सोडायची, होडी वर जाते, खाली येते. किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटेत मात्र लाटेकडे झुकावं लागतं. लाट होडीला आडवी किनाऱ्याकडे ढकलते, तेव्हा किनाऱ्याकडची कड रुतली की संपलं. ती कड उचलायची आणि फेसावर लो ब्रेस टेकवायचा. दगडाला मिठी आणि लाटेला मिठी, नियम एकच निघाला.

रोल अजून हवा तसा जमत नाही. डोहात बऱ्याचदा येतो, वाहत्या पाण्यात क्वचित. डाव्या बाजूने तर फारच कच्चा आहे. पावसात सह्याद्रीचं पाणी भरवशाचं नसतं, शिकाऊ माणसाने त्या दिवसांत कुंडलिकेत कयाक घालू नये. म्हणून ते महिने पुण्यातच सराव करायचा ठरवलाय. एका पोहण्याच्या तलावात रविवारी दुपारी कयाक उतरवायची परवानगी मिळाली आहे. कयाक धुऊन आणावी लागते, तेवढी एकच अट. कोणाला यायचं असेल तर कळवा. नाकाची क्लिप आपापली आणा आणि दुपारचं जेवण हलकं ठेवा.