आधी गच्ची, मग सोलर

आमच्या कॉलनीत सोलर लावलेल्या प्रत्येकाची गोष्ट "आपलं बिल शून्य" इथे येऊन थांबते. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळू लागली आणि नागपुरातल्या गच्च्या भराभर निळ्या झाल्या. मलाही लावायचंच होतं. एजन्सीचा मुलगा आला, मागची बिलं चाळली आणि म्हणाला, "५ किलोवॅट टाका, टेन्शन नाही."

मला खटकत होतं ते वेगळंच. पॅनल वीज करतं दुपारी आणि आम्ही ती जाळतो रात्री. नेट मीटर आपण बाहेर दिलेल्या आणि बाहेरून घेतलेल्या विजेचा हिशेब जुळवतं, बिल खरंच शून्यावर येतं. पण मे महिन्यात रात्री दोन वाजता एसी चालतो तो कोराडी, खापरखेडा नाहीतर चंद्रपूरच्या वीजकेंद्रातल्या कोळशावरच. नवरात्रात कोराडीच्या देवीला जाताना दिसणाऱ्या त्या धुराड्यांना माझ्या बिलाशी काय घेणंदेणं? आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून ठरवलं, आधी रात्रीचा खप खाली आणायचा, मग उरेल तेवढंच सोलर.

खप कुठे होतो हे बिलावर कळत नाही, मीटरवर कळतं. मीटरच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. हिशेब केला तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट. सगळे दिवे-पंखे बंद, फ्रिजचाही प्लग काढलेला, तरी दिवा मिनिटाला पाच वेळा लुकलुकत होता. नव्वदेक वॅट, चोवीस तास. महिन्याला पासष्टच्या वर युनिटं नुसती बसल्या जागी! एकेक प्लग काढत गेलो तेव्हा चोर सापडले: सेट-टॉप बॉक्स, वायफाय आणि सगळ्यात मोठा म्हणजे इन्व्हर्टर. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, कितीही पाजलं तरी तिचं पोट भरत नव्हतं. ती बदलली. सेट-टॉप बॉक्सचं बटण आता आई झोपताना भिंतीवरूनच बंद करते.

पंख्यांवर इलेक्ट्रिशियनशी वाद झाला. "काऊन बदलता भाऊ, चालून तं राह्यले चांगले." चालत होतेच, पण प्रत्येकी ७५ वॅटवर. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास घेतो. पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात आणि उन्हाळ्यात आमचे पंखे पंधरा तासांपेक्षा जास्तच चालतात. शिवाय बोर्डावर जुने डबडे रेग्युलेटर होते, जे पंखा हळू करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतात. बीएलडीसीला रेग्युलेटर लागत नाही, रिमोट येतो. तो रिमोट हरवतो ही एक नवी कटकट, पण ती सोसण्यासारखी.

खरा फरक पडला गच्चीने. आमचं घर एकमजली, वर नुसता स्लॅब. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन तो दिवसभर पितो आणि रात्री खोलीत सोडतो. पंखा मग तीच वरची गरम हवा खाली ढकलतो, म्हणून एसी लावायचा. आई कवेलूच्या घरात वाढलेली. तिचं म्हणणं, स्लॅबच्या घरात माणूस भाजतो, पण लोकांना स्लॅबच पाहिजे.

उष्णता परतवणारे तयार पांढरे रंग बाजारात आहेत, टिकतातही. मी पहिल्या वर्षी चुनाच घेतला. गच्ची घासून धुतली, भेगा वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटने बुजवल्या, एक रात्र भिजवलेला चुना गाळून त्यात फेव्हिकॉल कालवला आणि ऊन उतरल्यावर झाडूने दोन हात दिले. भर उन्हात लावला तर तो वाळून पापुद्रे धरतो. चुना लागला की दुपारी गच्चीवर डोळे उघडवत नाहीत, पण अनवाणी चालता येतं. आधी चपलेतूनही चटके बसायचे. आत रात्री दहानंतर छताला हात लावला तर पूर्वीसारखी धग लागत नाही. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, दर मार्चमध्ये पुन्हा लावावा लागतो. धूळ बसली की त्याचं काम मंदावतं, म्हणून मे महिन्यात एकदा झाडूनही घ्यायचा.

पश्चिमेच्या खिडकीला आत जाड पडदा होता. काचेतून ऊन आत आल्यावर पडदा काय अडवणार? बाहेरून बांबूची चीक टांगली.

एवढं झाल्यावर एप्रिल-मेच्या रात्री पुन्हा कूलरवर आल्या. कोरड्या हवेत दोनशेच वॅटमध्ये खसाचा वास घेत झोपता येत असेल तर दीड टनाच्या एसीची गरज काय, असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही. तिच्या खोलीत एसी आहेच, फक्त २१ वरून २६ वर आणि सोबत पंखा. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो की एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

मग एजन्सीच्या मुलाला परत बोलावलं आणि नवी बिलं दाखवली. ३ किलोवॅट पुरले, म्हणजे जास्तीच्या दोन किलोवॅटचा खर्च वाचला. सबसिडी तशीही ३ किलोवॅटच्या पुढे वाढत नाही. पोर्टलवर अर्ज, महावितरणची मंजुरी, बसवणं, तपासणी, नेट मीटर आणि मग खात्यात सबसिडी, असा तो क्रम. कागद नीट असतील तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त वीजजोडणी आणि बँक खातं अर्जदाराच्याच नावावर आहे ना, हे आधी बघा. आमचं मीटर वडिलांच्या नावावर होतं, ते बदलण्यातच जास्त वेळ गेला.

जून मात्र अजून सुटलेला नाही. ढग येतात, हवा दमट होते, कूलर नुसता चिकचिक वाढवतो आणि पाऊस बुटीबोरीवर येऊन थांबतो. त्या दिवसांत सगळ्यांच्याच खोल्यांत एसी चालतो, रात्रभर.